मोरसचा धक्का

श्रोतेहो, माझी आजी पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणत असे. आमचे घर खेड तालुक्यातले, शेतकऱ्याचे. रोजच्या गोडाला गूळ असे आणि साखर केवळ पाहुण्यांच्या चहापुरती कोनाड्यातल्या पितळी डब्यात राही. एखाद्या सणाच्या दिवशी आम्हां मुलांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवून ‘घे, मोरस खा’ असे ती म्हणे. या शब्दाचा मोराशी काहीतरी संबंध असावा, अशी माझी बालपणची समजूत होती. मोरस म्हणजे मॉरिशस, आणि हिंदी महासागरातील त्या बेटावरून एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरणारी साखर त्या बेटाचेच नाव घेऊन आमच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचली होती, हे मला शिक्षक झाल्यावर कळले. आजीला ते कधीच कळले नाही. तिने समुद्रही पाहिला नव्हता.

ज्या काळात साखर तिकडून इकडे येत होती, त्याच काळात माणसे इकडून तिकडे जात होती. ती माणसे जेथे बोटीतून उतरली तो धक्का पाहण्याचा योग मला गेल्या वर्षी आला. त्याविषयी आज बोलावयाचे आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. अकरावीची मॅट्रिक झालेला, भोसरीच्या परिसरात अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेला एक गुरुजी आहे. तेव्हा जे पाहिले आणि त्या अनुषंगाने जे वाचले, तेवढेच सांगेन.

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस असलेल्या माझ्या मुलाने आम्हां उभयतांस आठ दिवसांच्या सहलीस नेले होते. सहलीच्या कार्यक्रमात समुद्रकिनारे होते, धबधबा होता, सात रंगांच्या मातीची टेकडी होती, धक्का नव्हता. तो मी मागून घेतला. ‘इतक्या लांब येऊन तुम्ही शेवटी दगडच पाहणार,’ असे आमच्या घरातून ऐकावे लागले. ते अगदीच खोटे नव्हते, कारण तेथे पाहावयास मुख्यतः दगडच आहेत.

पोर्ट लुई हे मॉरिशसच्या राजधानीचे शहर. त्याच्या बंदराच्या एका कोपऱ्यात, त्रू फाँफारों नावाच्या खाडीच्या काठी हे स्थान आहे. त्याला पूर्वी ‘कुली घाट’ म्हणत. 1987 साली त्याचे नाव ‘आप्रवासी घाट’ असे ठेवण्यात आले, आणि 2006 साली संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने त्याला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घातले. जागतिक वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा-वेरूळ उभे राहते. येथील जागेचे क्षेत्र 1,640 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने अवघे सोळा गुंठे. आमच्याकडे सोळा गुंठ्यांच्या तुकड्यासाठी भाऊबंद कोर्टात जातात, एवढीच ती जमीन. मूळ आगमन-तळ याहून बराच मोठा होता. परंतु पुढे बंदराकडचा मोठा रस्ता त्यातूनच काढल्यामुळे निम्म्याहून अधिक भाग गेला. आजही आत उभे राहिले की मोटारींचा आवाज अखंड कानी पडत असतो.

उरले आहे ते असे: काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, प्रवेशाची देवडी, रुग्णालयाच्या खोल्या, स्वयंपाकघराचा व शौचकूपांचा अवशेष, मजुरांना ठेवीत त्या पडव्यांची जोती, आणि पाण्याकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. जहाज बंदरात उभे राही, लहान होडीतून माणसे काठाला आणीत आणि या पायऱ्यांवरून ती वर चढत. पायऱ्या उंच नाहीत. आपल्या कोणत्याही नदीच्या घाटाला शोभतील अशाच आहेत. त्यांच्यापुढे आता कठडा आहे आणि पलीकडे भराव आहे.

त्या दगडाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तो दगड पाहताच मला तो ओळखीचा वाटला, आणि ती ओळख खोटी नव्हती. तो आपल्या सह्याद्रीचाच बेसाल्ट, काळा पाषाण. भूगर्भशास्त्रज्ञ असे मानतात की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार ज्या तप्त स्थानावरील ज्वालामुखीच्या उद्रेकांतून निर्माण झाले, त्याच स्थानाने फार पुढे मॉरिशस बेट घडविले. ते स्थान आज शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे. मॉरिशसच्या उसाच्या शेतांतून जागोजाग काळ्या दगडांच्या प्रचंड राशी रचलेल्या दिसतात. जमीन उसाखाली आणण्यासाठी ते दगड मजुरांनी हातांनी वेचून काढलेले आहेत. रत्नागिरी-साताऱ्याकडच्या माणसाने घरी आयुष्यभर हेच केले होते.

आता थोडा इतिहास. मॉरिशस 1810 साली फ्रेंचांकडून इंग्रजांच्या हाती आले. उसाचे मळे फ्रेंच मळेवाल्यांचे, आणि राबणारे हात आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांचे. ब्रिटिश पार्लमेंटने 1833 साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. मॉरिशसमध्ये तो 1 फेब्रुवारी 1835 रोजी अंमलात आला. गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाई मिळाली, गुलामांना मिळाली नाही. सुटलेल्या माणसांनी मळ्यांकडे पाठ फिरविली. मग ऊस तोडणार कोण? या प्रश्नाचे उत्तर मळेवाल्यांनी अगोदरच शोधून ठेवले होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार, वर तांदूळ-डाळीचा शिधा. सरकारने या सर्वाला ‘प्रयोग’ असे नाव दिले होते. प्रयोग माणसांवर होता.

प्रारंभीच्या काळात इतकी फसवणूक झाली की, 1838-39 मध्ये मजूर बाहेर नेण्यास बंदी करावी लागली. 1842 च्या अखेरीस कायदा करून ती उठविण्यात आली, आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून सरकारी देखरेखीखाली रवानगी चालू झाली. येणारांची संख्या वाढली तेव्हा 1849 मध्ये त्रू फाँफारोंच्या काठी हा आगमन-तळ उभारण्यात आला. 1834 पासून 1920 पर्यंत हिंदुस्थानातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांची एकूण संख्या साडेचार लाखांवर आहे. त्यांतले सुमारे एकतृतीयांश परत आले. बाकीचे तेथलेच झाले.

यांत आपली माणसे किती? कलकत्त्याहून गेलेले सर्वांत अधिक, त्यांच्या खालोखाल मद्रासकडचे; मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा शेकडा सातच्या आसपास येतो. म्हणजे अंदाजे तीस हजार. हे सगळेच मराठी नव्हते. परंतु रत्नागिरी, सावंतवाडी, ठाणे, सातारा, कोल्हापूर या मुलखांतून गेलेले पुष्कळ होते. याही पूर्वी, 1815 पासून 1837 पर्यंत, बंगाल व मुंबई इलाख्यांतले सुमारे दीड हजार काळ्या पाण्याचे कैदी मॉरिशसला पाठविले गेले आणि त्यांच्याकडून तेथील रस्ते बांधून घेतले गेले. तेव्हा त्या बेटावरचा पहिला मराठी शब्द बहुधा एखाद्या बेडी घातलेल्या माणसाच्या तोंडून निघाला असावा.

मुंबईची ही रवानगी 1860 नंतरच्या दशकात आटली. माणसे अचानक सुखी झाली असे नव्हे. दुसरीकडे हातांना काम निघाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे भाव आले, मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, आणि लोहमार्ग घाट चढू लागला. बोरघाटाच्या कामावर 1861 साली चाळीस हजारांहून अधिक माणसे एका वेळी राबत होती, आणि पटकीने व अपघातांनी त्यांतली हजारो तेथेच मेली. आज आमच्या चिंचवड-पिंपरीवरून जी गाडी धडधडत मुंबईस जाते, ती त्यांच्याच रुळांवरून जाते. त्या काळच्या दुष्काळी कुणब्यापुढे दोन घाट होते असे म्हणावे लागेल: एक खंडाळ्याचा, दुसरा मोरसचा.

धक्क्यावर उतरल्यावर काय होत असे, ते लगतच्या जुन्या दगडी गोदामात केलेल्या संग्रहालयात नीट मांडले आहे. ‘मॉरिशस टाइम्स’ हे पत्र 1954 साली काढणारे बिक्रमसिंग रामलाला यांनी या स्थानाच्या रक्षणासाठी पुष्कळ खटपट केली. त्यांचेच नाव 2014 साली उघडलेल्या या संग्रहालयाला दिलेले आहे. डॉक्टर तपासणी करी. साथीचा संशय असेल तर जहाजच दूर बेटांवर अडकवून ठेवीत. 1856 साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील माणसे गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर अशीच उतरवून ठेवली, आणि त्यांतली दोनशेंहून अधिक तेथेच दगावली. जे धडधाकट ठरत त्यांना तळावर साधारण दोनएक दिवस राहावे लागे. तेवढ्यात मळेवाल्यांशी करार होई, टोळ्या पडत आणि मग टोळी आपल्या मळ्याकडे निघे.

परंतु मळ्याकडे निघण्यापूर्वी कारकून. श्रोतेहो, मला सर्वांत जास्त वेळ थांबवून ठेवले ते या कारकुनाने. त्याच्या पुढ्यात मोठी नोंदवही असे. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव व जिल्हा, जहाजाचे नाव, आल्याची तारीख. 1860 नंतरच्या दशकात त्यात छायाचित्रांची भर पडली. 1867 च्या कायद्याने प्रत्येक जुन्या मजुराला स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदोदित जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर पोलीस ‘भटका’ म्हणून पकडून नेत. संग्रहालयाच्या भिंतींवर त्या छायाचित्रांच्या प्रती लावल्या आहेत. डोक्याला मुंडासे बांधलेले पुरुष, पदर घेतलेल्या स्त्रिया, आणि हातात किंवा छातीशी क्रमांक. त्या चेहऱ्यांवर राग नाही, भीतीही फारशी नाही. शाळेत प्रथमच आणून बसविलेले मूल जसे पाहते, तसे ते पाहत आहेत.

या वह्या आज मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत, आणि 2015 साली त्यांनाही युनेस्कोने जगाच्या स्मृतिलेखांच्या यादीत स्थान दिले. मॉरिशसची माणसे तेथे जातात, आपल्या पूर्वजाचा क्रमांक शोधतात आणि त्यावरून गावाचा माग काढतात.

आम्हांला धक्क्यावर घेऊन आलेला मोटारवाला असाच मराठी वंशाचा निघाला. वय पन्नाशीचे, राहणार पश्चिमेकडच्या कास्कावेल गावचा. तेथे मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे. घरात तो क्रेओल भाषा बोले. मराठी तो शाळेत शिकला होता, कारण तेथील प्राथमिक शाळांत आजही मराठी शिकविले जाते, रेडिओवर मराठी कार्यक्रम होतात आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्याचे मराठी पुस्तकी होते, पण स्वच्छ होते. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांत तो कधी चुकला नाही. आमची मुले चुकतात. त्यांच्याकडे गणपतीपुढे एक नाच होतो, त्याला ते ‘झाकरी’ म्हणतात. कोकणातल्या श्रोत्यांना मी हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांची जाखडी एवढा समुद्र ओलांडून गेली आणि वाटेत तिचा एकच उच्चार ओला झाला.

मी रीतीप्रमाणे त्याला आडनाव विचारले. त्याने सांगितले ते आडनाव नव्हतेच. ते एका माणसाचे पाळण्यातले नाव होते. त्याच्या पणज्याच्या बापाचे. कारकुनाने वहीत जे नाव घातले, तेच पुढे मुलांना आडनाव म्हणून लागले, आणि तेही फ्रेंच वळणाने लिहिलेले. मूळचे आडनाव कोणते, ते घरात कोणालाच ठाऊक नाही. मात्र त्याच्या मुलीने मोक्याच्या दप्तरातून त्या पूर्वजाचा क्रमांक काढून आणला होता. तो सहा आकडी क्रमांक त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखविला, फ्रेंचमध्ये. नंतर खिशातून एक घडी घातलेला कागद काढून तो म्हणाला, ‘काका, आपण शिक्षक आहात. आपण सांगा, हे गाव कुठे आहे?’

नोंदीची ती प्रत होती. जिल्हा रत्नागिरी असावा असा तर्क करता येत होता. तो शब्दही धड नव्हता. आणि गावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता: वाडी.

मी चाळीस वर्षे मुलांना महाराष्ट्राचा नकाशा शिकविला आहे. त्याला मी काय सांगणार होतो? कोकणात प्रत्येक गावाला दहा वाड्या. ब्राह्मणवाडी, तेलीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी. वाडी हे गाव नव्हे. गावातला माणूस गावातल्याच माणसाला जो पत्ता सांगतो, तो. सावंतवाडी संस्थानालाही ‘वाडी’ म्हणत, तेही असू शकेल. कारकुनाने विचारले असेल, कुठला? हा म्हणाला असेल, वाडीचा. त्याच्या लेखी ते पुरेसे होते, कारण तोपर्यंत त्याला आयुष्यात कोणीही वाडीपलीकडचा पत्ता विचारला नव्हता. मागे रांग उभी होती. कारकुनाने लिहिले आणि पुढच्याला बोलाविले.

मी त्या मोटारवाल्याला एवढेच सांगितले की, हे बरेच ठिकाणी असू शकते. त्याने कागद पुन्हा घडी घालून ठेवला. त्याला वाईट वाटले असे दिसले नाही. त्याने हा प्रश्न अनेकांना विचारलेला असावा. वाईट मला वाटले, आणि त्याचे कारण मॉरिशसमध्ये नव्हते, भोसरीत होते.

श्रोतेहो, प्राथमिक शाळेत एक मोठी वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. दाखल अनुक्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख. रकाने जवळजवळ तेच, उंची आणि खूण तेवढी वगळा. औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले, त्यानंतर आमच्या भागात कारखाने उभे राहू लागले. त्यापूर्वी पिंपरीला फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली होती. पिंपरीच्या त्या भागाला आजही ‘कॅम्प’च म्हणतात. मग 1954 मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, नंतर मोटारींचे, यंत्रांचे, आणि अलीकडे चाकणपर्यंत सारे माळ भरून गेले. आमचे गाव म्हणजे एक आगमन-तळच आहे, फक्त त्याला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या नाहीत. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, आता बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे येतात. पहाटे मजूर अड्ड्यावर उभी राहतात, मुकादम येतो आणि टोळी घेऊन जातो. आणि जूनमध्ये त्यांची मुले शाळेत येतात.

त्या वहीचा कारकून मी होतो. बापाला मुलाची जन्मतारीख सांगता आली नाही, तर आम्ही 1 जून लिहीत असू. महाराष्ट्रात या तारखेला जन्मलेली माणसे इतकी का आहेत, याचे कोडे कोणाला पडले असेल तर त्याचे उत्तर हे आहे. त्याबद्दल मला फारशी खंत नाही. दुसऱ्या एका नोंदीबद्दल आहे. 1988 च्या जूनमध्ये मराठवाड्यातला एक बांधकाम-मजूर मुलाला घेऊन आला. मुलाचे नाव, स्वतःचे नाव, गाव त्याने सांगितले. आडनाव विचारले तर तो गोंधळला. कदाचित त्याला ते ठाऊक होते, पण त्याच्याकडे ते वापरात नसावे. कदाचित थोडा वेळ दिला असता तर सांगितलेही असते. मागे तीस-चाळीस पालक उभे होते. मी त्याच्या गावाच्या नावाला ‘कर’ जोडला आणि रकाना भरून टाकला. मला त्या वेळी त्यात गैर तर वाटले नाहीच, उलट आडनाव छान दिसते असे वाटले.

त्या मुलाने पुढे त्याच आडनावाने शिक्षण केले, आयटीआय केली, चाकणला नोकरी धरली. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्या मुलीच्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी निघाली, तेव्हा गावाकडच्या चुलत्यांच्या कागदांवर एक आडनाव आणि याच्या दाखल्यावर दुसरे. नाते सिद्ध होईना. तो माझ्याकडे आला होता. मी त्याला चहा दिला आणि सांगितले की, शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातली नोंद बदलता येत नाही, नियमच आहे. नियम खरोखरच तसा होता. मी जे सांगितले त्यात खोटे काही नव्हते. आडनाव मीच रचले होते, हे मात्र मी त्याला सांगितले नाही. त्याला वाटत होते, ते त्याच्या बापाने दिले.

मॉरिशसच्या त्या कारकुनाविषयी फारसे कठोर बोलणे मला म्हणूनच जमत नाही. त्याने घाई केली आणि एका घराण्याचे गाव हरवले. आणि त्याने लिहिले नसते, तर त्या घराण्याला ‘वाडी’ एवढाही शब्द उरला नसता. या दोन्ही गोष्टी एकाच दौतीतल्या आहेत.

धक्क्यापलीकडच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या अधिक प्रसिद्ध आहेत. मळ्यावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापीत. 1871 साली आदोल्फ द प्लेवित्झ या एका मळेवाल्याच्या जावयाने जुन्या मजुरांच्या वतीने गाऱ्हाण्यांचा अर्ज केला, त्यावर नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्या व निशाण्या होत्या. परिणामी चौकशी आयोग आला आणि 1875 मध्ये त्याचा अहवाल निघाला. 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी मॉरिशसला थांबले होते. कराराची ही सर्वच पद्धत बंद करावी, असा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात 1912 साली मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. अखेर 1917 मध्ये रवानगी थांबली आणि 1920 च्या आरंभी पद्धत संपली. तोवर गोखल्यांना जाऊन पाच वर्षे होत आली होती. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, 1866 सालचा. ज्या जिल्ह्याने माणसे धाडली, त्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने ती धाडणे बंद करावे म्हणून भाषण केले. शाळेत गोखल्यांवर निबंध लिहून घेताना या ठरावाचे नाव मी मुलांना एकदाही सांगितले नव्हते.

मॉरिशस 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाले. 2 नोव्हेंबर हा ‘अ‍ॅटलस’ जहाजाचा दिवस तेथे राष्ट्रीय सुट्टीचा असतो, आणि त्या दिवशी लोक या धक्क्यावर फुले वाहतात. आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारी होता. पायऱ्यांवर कोणीच नव्हते. आमच्या घरच्या मंडळी, ज्या दगडांना नावे ठेवीत होत्या, त्या एका छायाचित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. एक बाई होती, कडेवर मूल घेतलेली. ‘हिने नऊवारीच नेसलंय’, एवढेच त्या म्हणाल्या.

परत आल्यावर आठ दिवसांनी मी चाकणला त्या माझ्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. तो दुसऱ्या पाळीवरून नुकताच आला होता. ‘गुरुजी, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो,’ म्हणाला. मी त्याला 1988 च्या जूनमधली ती सकाळ सांगितली. तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, ‘मग आमचं खरं काय?’ ते त्याच्या चुलत्यांच्या कागदांवर होते, तेच असणार. तेही त्याने एकदा मोठ्याने म्हणून पाहिले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे तहसील कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडे बसलो. प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना त्याच्याकडे तयार होता, पण त्यात असल्या कबुलीला जागा नव्हती. म्हणून मजकूर मी हाताने लिहून दिला: अमुक शाळेच्या जनरल रजिस्टरात अमुक अनुक्रमांकासमोरचे आडनाव पालकाने सांगितलेले नसून नोंद करणाऱ्या शिक्षकाने स्वतः घातलेले आहे, आणि तो शिक्षक मी आहे. टंकलेखकाने ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. पडताळणी समिती या कागदाला किती वजन देईल ते ती ठरवील. अर्ज आत गेला आहे, तारीख पुढल्या महिन्यातली आहे. कागदावर सहीखाली वय आणि पत्ता लिहावयाचा होता. पत्ता मी घर क्रमांकापासून तालुका-जिल्ह्यापर्यंत पूर्ण लिहिला.